गोदेची नोंद कुठे सापडते?





गोदेला पूर आला की नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, एवढं ऐकलं की कोणत्या गल्लीत पाणी शिरणार हे जुन्या सराफ बाजारातला दुकानदार अचूक सांगतो. सप्टेंबर १९६९ चा पूर आणि सप्टेंबर २००८ चा पूर आपल्या आठवणीत या मूर्तीच्या मापानंच राहिले आहेत. हे माप घाटावरच्या प्रत्येकाला वाचता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, की कुठला अर्ज करावा लागत नाही.

आपले आजचे प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. रामकुंडातलं पाणी आज अंघोळीच्या लायकीचं आहे का? शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जातं की तसंच? सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या कारखान्याला किती पाणी, कुठे आणि कसं सोडायची मुभा आहे? या प्रश्नांची उत्तरं आता घाटावर मिळत नाहीत. ती डझनभर सरकारी आणि संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर विखुरलेली आहेत. बरेच लोक तिथे एकदा जातात, इंग्रजी तक्ते आणि न उघडणाऱ्या फायली बघून परत येतात आणि ‘माहिती देतच नाहीत’ असं म्हणून विषय संपवतात.

मला आज सांगायचं आहे ते हे की, यातली बरीच नोंद खुली आहे आणि तिच्याकडे जाण्याची वाट शिकता येते. ही वाट शोधयंत्रात शब्द टाकून सुरू होत नाही. ती एका प्रश्नापासून सुरू होते: ही नोंद ठेवण्याची जबाबदारी कायद्यानं कोणावर टाकली आहे? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कोणतं दार ठोठावायचं ते कळतं. त्यानंतर चार गोष्टी विचारायच्या: जागा कोणती, तारीख कोणती, एकक कोणतं आणि मोजलं कसं.

नदीच्या पाण्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्रानं १९६९ मध्येच जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. देशाचा कायदा आला १९७४ साली. तेव्हा पाण्याच्या गुणवत्तेची नोंद ठेवणं हे या मंडळाचं आणि दिल्लीतल्या केंद्रीय मंडळाचं काम आहे. राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर पाण्याच्या गुणवत्तेचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे नदीचं नाव टाकून भागत नाही, कारण गोदावरी नाशिकपुरती नाही. ती त्र्यंबकेश्वरहून निघून मराठवाडा ओलांडून तेलंगणात जाते. तिथे केंद्र शोधायचं असतं. गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड, तपोवन यांसारख्या ठिकाणी नमुने घेतले जातात आणि प्रत्येक केंद्राला सांकेतिक क्रमांक असतो. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा. नावाचं स्पेलिंग वर्षागणिक बदलतं. नाशिकचंच बघा, रोमन लिपीत नव्या फायलींत एक स्पेलिंग आणि जुन्या फायलींत दुसरं. एकच स्पेलिंग शोधणाऱ्याला अर्धीच नोंद दिसते. नासर्डी नदीला कुठे नासर्डी म्हटलेलं असतं, कुठे नंदिनी. केंद्राचा क्रमांक धरून चाललात की हा घोळ टळतो.

आता ही केंद्रं नदीच्या वाहण्याच्या क्रमानं मांडा. धरणापासून सोमेश्वर, मग रामकुंड, मग तपोवन. वाटेत वाघाडी मिळते, नासर्डी मिळते, नाले मिळतात. एकाच महिन्याचे आकडे या क्रमानं एकाखाली एक लिहिले की नदी कुठे बिघडते हे कागदावर उमटतं. मंडळाच्या तक्त्यात ही केंद्रं क्रमानं नसली तरी हा क्रम नाशिककराला पाठ असतो. स्थानिक माणसाच्या ज्ञानाची गरज पडते ती इथे.

आकडे वाचायचे कसे? अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्र सरकारनं २००० साली निकष अधिसूचित केले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे तक्त्यातली बीओडी, ३ मिलिग्रॅमच्या वर नको. विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि २५०० ची मर्यादा कधीच ओलांडू नये. सामू, म्हणजे तक्त्यातला पीएच, साडेसहा ते साडेआठ. एवढे चार निकष एका चिठ्ठीवर लिहून ठेवले, तर दहावीतला मुलगाही मंडळाचा तक्ता वाचू शकतो.

यातली बीओडी जरा समजून घेऊ. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू खर्च करतात, त्याचं हे माप आहे. घाण जास्त, तर खर्च जास्त, आणि माशांसाठी उरतो तो कमी. आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून हे मोजतात. जगात अनेक ठिकाणी आणि आपल्याकडच्याही जुन्या अहवालांत २० अंशांना पाच दिवस ठेवून मोजलेलं आढळतं. म्हणून दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी पद्धत बघावी लागते. नमुना कोणत्या महिन्यात घेतला तेही बघावं लागतं. ऑगस्टमध्ये धरणातून विसर्ग चालू असताना घेतलेलं पाणी आणि एप्रिलमध्ये डबक्यासारखं साचलेलं पाणी यांची सरासरी काढली, तर तो आकडा दोन्ही ऋतूंबद्दल खोटं बोलतो.

तारखेचं महत्त्व सांगणारं एक उदाहरण देतो. केंद्रीय मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढतं. २०१८ च्या यादीत असे ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या अहवालात देशातली संख्या ३११ वर आली, महाराष्ट्रातली मात्र ५५ झाली. दोन्ही वेळा यादीत सर्वांत वर आपलंच राज्य. पण २०२२ च्या अहवालामागची मोजणी २०१९ आणि २०२१ या वर्षांची आहे. मुखपृष्ठावरचं साल आणि आतल्या पाण्याचं साल वेगळं असतं, हे ध्यानात ठेवायचं. दुसरं असं की, पट्ट्यांची संख्या म्हणजे पट्ट्यांची लांबी नव्हे. या यादीत प्राधान्याचे पाच वर्ग असतात. बीओडी ३० च्या वर गेली तर पहिला वर्ग, ३ ते ६ असेल तर पाचवा. आपल्या पट्ट्याचा वर्ग बदलला का, हा प्रश्न देशातल्या एकूण आकड्यापेक्षा आपल्या जास्त कामाचा आहे.

पाण्याच्या गुणवत्तेनंतर पाण्याचं मोजमाप. या बाबतीत नाशिक भाग्यवान शहर आहे. दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला आपण सगळे ‘मेरी’ म्हणतो, ती १९५९ पासून इथे आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानं १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पातून राज्याच्या भूपृष्ठजलाच्या माहितीचं साठवण केंद्रही नाशिकमध्येच उभं राहिलं. पर्जन्यमापक, नदीची पातळी, प्रवाह यांच्या नोंदी तिथे जमा होतात आणि अभ्यासकाला त्या रीतसर मागता येतात. विहिरींच्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे; ती निरीक्षण विहिरी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते. म्हणजे पाऊस, नदी आणि विहीर या तिघांची नोंद ठेवणारी घरं वेगळी आहेत. टंचाईचा अभ्यास करणाऱ्याला तिन्ही घरी जावं लागतं.

इथे एककाची अडचण येते. नाशिकचं वर्तमानपत्र धरणाचा साठा दशलक्ष घनफुटांत सांगतं. गंगापूर धरण भरलं म्हणजे ५६३० दलघफू, हे इथल्या प्रत्येक पत्रकाराला तोंडपाठ असतं. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची चर्चा टीएमसीत चालते. संकेतस्थळावरचा तक्ता दशलक्ष घनमीटरमध्ये असतो. विसर्ग क्युसेकमध्ये. १००० दलघफू म्हणजे एक टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. हा हिशेब हाताशी असला की गंगापूरचा साठा सुमारे १५९ दशलक्ष घनमीटर निघतो आणि तिन्ही ठिकाणचे आकडे जुळायला लागतात.

हा हिशेब शाळेतल्या गणितापुरता नाही. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी अभ्यासगटाचा अहवाल आणि राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश यांतून एक सूत्र आलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. दोन विभागांतले शेतकरी, दोन बाजूंचे पुढारी आणि न्यायालयं यांच्यातला एवढा मोठा तंटा अखेर एका तारखेच्या एका टक्केवारीवर येऊन ठेपतो. ती टक्केवारी एकूण साठ्याची नसून उपयुक्त साठ्याची आहे. हे ज्यानं तक्त्यात स्वतः पाहिलेलं नाही, त्याला सभेत कुणीही काहीही सांगू शकतं. नाशिकच्या आणि पैठणच्या शेतकऱ्यानं एकच तक्ता वाचला, तर भांडण मिटेलच असं नाही, पण ते खऱ्या आकड्यावर तरी होईल.

तिसरं दार प्रकल्पांच्या परवानग्यांचं. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणी, मोठे कारखाने, मोठी बांधकामं यांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ऑगस्ट २०१८ पासून या मंजुऱ्यांचा कारभार ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आला. तिथे राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, प्रकल्पाचा प्रकार निवडायचा. मग एकेका प्रकल्पाचा कागद सापडतो: मूळ अर्ज, पर्यावरण आघात मूल्यमापनाचा अहवाल, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, मंजुरीचं पत्र. वेळ थोडा असेल, तर शेकडो पानांचा अहवाल बाजूला ठेवून आधी मंजुरीचं पत्र वाचा. त्यात अटी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. किती झाडं लावायची, किती पाणी पुन्हा वापरायचं, धूळ कशी रोखायची. प्रकल्पधारकानं या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. अट आणि अहवाल शेजारी ठेवून प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघणं, हे काम परिसरातल्या रहिवाशाइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही. कारखान्यांची संमतीपत्रं प्रदूषण मंडळाकडे असतात. कोणता उद्योग लाल वर्गातला, कोणता नारिंगी, सांडपाणी किती आणि त्यावर प्रक्रिया कोणती, हे त्या पत्रात लिहिलेलं असतं.

चौथं दार आपल्याच महापालिकेचं. महापालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दर वर्षी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, आवाज, झाडं असं सगळं एका पुस्तकात येतं. मागच्या पाच-सहा वर्षांचे अहवाल एकत्र घेऊन बसा आणि एकच प्रकरण सलग वाचा. कोणता तक्ता दर वर्षी आहे, कोणता मध्येच गायब झाला, कोणता परिच्छेद जसाच्या तसा पुढच्या वर्षी उतरला, हे लगेच दिसतं. नसलेला आकडासुद्धा काहीतरी सांगत असतो, आणि माहितीचा अधिकार वापरायचा तो तिथे.

या अधिकाराबद्दल दोन शब्द. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. देशाच्या कायद्याच्या चौथ्या कलमानं सरकारी कार्यालयांवर कुणी न मागता माहिती प्रसिद्ध करण्याचं बंधन घातलं. संकेतस्थळं ही त्या बंधनाची पूर्तता आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. तरीही दार बंद राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण सह्याद्रीनंच दिलं आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञगटानं आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला दिला. तो महिनोन्‌महिने प्रसिद्ध झाला नाही. केरळमधल्या एका नागरिकानं माहिती अधिकारात तो मागितला. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि हरलं. मे २०१२ मध्ये तो अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. ज्या डोंगररांगेत गोदावरी उगम पावते, तिच्याबद्दलचा हा अहवाल आज आपण घरबसल्या वाचू शकतो तो एका अर्जामुळे.

दुसरं उदाहरण भाषेचं आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारनं आघात मूल्यमापनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तो इंग्रजीत आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं जून २०२० मध्ये सांगितलं की, तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत उपलब्ध करा, कारण ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना तो वाचता आला पाहिजे. आपल्याकडेही मराठी कागद असतात, पण कित्येक फायली जुन्या टंकांत किंवा नुसत्या छायाप्रतीत आहेत. त्यांत ‘गोदावरी’ असा शब्द शोधला तर यंत्राला तो दिसत नाही. कागद समोर असूनही हरवलेला. सगळी मराठी कागदपत्रं युनिकोडमध्ये द्यावीत, ही मागणी भाषाप्रेमाची आहे तेवढीच पर्यावरणाचीही आहे.

काही वाटा सरकारबाहेरूनही जातात. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. २०१९ ची तारीख असलेली ही मान्यता जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. रामसर सचिवालयाच्या संकेतस्थळावर या पाणथळीचं माहितीपत्रक आहे, आणि हौशी पक्षीनिरीक्षकांच्या हजारो नोंदी ‘ई-बर्ड’वर आहेत. नाशिक शहर ओलांडून गेलेली गोदावरीच त्या बंधाऱ्यात साचते. तेव्हा तपोवनातली बीओडी आणि नांदूरमध्यमेश्वरची बदकं यांच्या नोंदी एकाच माणसानं शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत, गोदावरीच्या पाण्यावर नाशिकमध्ये राहून केलेलं कितीतरी काम तिथे वाचकाची वाट बघतं आहे. आणि मागे जायचं असेल, तर १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटिअर आणि त्याची १९७५ ची नवी आवृत्ती आहे. धरणं होण्यापूर्वी नदी कशी वाहत होती, जंगल कुठवर होतं, हे त्या जुन्या पानांत आहे. राज्याच्या दर्शनिका विभागानं गॅझेटिअर इंटरनेटवर आणले आहेत.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. संकेतस्थळ कायमचं नसतं. पर्यावरण माहितीसाठी केंद्र सरकारनं १९८२ मध्ये ‘एन्व्हिस’ नावाचं जाळं सुरू केलं. देशभरातल्या केंद्रांनी चाळीस वर्षं माहिती जमवली. आता ती योजना नव्या नावानं नव्या रूपात चालते आणि जुने दुवे दाबले की कित्येकदा कोरं पान येतं. म्हणून कामाचा कागद दिसला की तो उतरवून घ्या. फायलीच्या नावात संस्था, विषय आणि उतरवल्याची तारीख घाला. नाहीसं झालेलं पान इंटरनेट आर्काइव्हवर शोधा. तिथे जुन्या प्रती पुष्कळदा मिळतात.

मित्रहो, हे सगळं मी आत्ताच का सांगतो आहे? २ ऑगस्ट २०२७ रोजी नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान आहे. लाखो माणसं रामकुंडात उतरतील. त्यासाठी रस्ते, घाट, सांडपाण्याची कामं चालू आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये साधूंच्या निवासाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याची नोटीस निघाली, तेव्हा शेकडो नाशिककरांनी हरकती नोंदवल्या. हरकतीला मुदत असते. त्या थोड्या दिवसांत ज्यांच्याजवळ झाडांची यादी, कायद्याचं कलम आणि जागेची जुनी नोंद तयार असते, त्यांचंच म्हणणं कागदावर टिकतं. संताप खरा असला तरी सुनावणीत त्याची नोंद आकड्याच्या आणि कागदाच्या रूपानंच होते.

म्हणून एक ठोस प्रस्ताव मांडून मी थांबतो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. ज्या गावानं रेल्वे येण्याआधी वाचनालय काढलं, त्या गावातल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी मिळून ‘गोदावरी नोंदवही’ सुरू करावी. काम अवघड नाही. दर महिन्याला प्रदूषण मंडळाच्या केंद्रांचे आकडे नदीच्या क्रमानं मराठीत उतरवायचे, शेजारी त्या दिवसाचा धरणाचा विसर्ग लिहायचा, आणि चार निकषांपुढे होय किंवा नाही एवढं नोंदवायचं. दर वर्षी पालिकेचा अहवाल आला की त्यातलं पाण्याचं प्रकरण मागच्या वर्षीच्या प्रकरणाशी ताडून बघायचं. जिल्ह्यातल्या नव्या प्रकल्पांची यादी ‘परिवेश’वरून तिमाहीला काढायची. जो आकडा मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायचा आणि उत्तर त्याच वहीत चिकटवायचं. विज्ञानाचे विद्यार्थी आकडे तपासतील, मराठीचे विद्यार्थी ते सोप्या भाषेत लिहितील, ग्रंथपाल ते जपतील. ही वही वाचनालयाच्या टेबलावर कुणालाही उघडता येईल अशी ठेवावी आणि तिची प्रत इंटरनेटवरही असावी.

सिंहस्थाआधीची नोंद आपल्याजवळ असेल, तरच सिंहस्थानंतर नदीचं काय झालं हे आपण पुराव्यानं सांगू शकू. ती नोंद आजपासून ठेवली नाही, तर २०२८ मध्ये प्रत्येक जण आपापला आकडा घेऊन येईल आणि तो पडताळून बघायला आपल्या हाती काहीच नसेल. पहिलं पान लिहायला कुठल्या निधीची किंवा आदेशाची गरज नाही. इथे बसलेल्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना माझी हात जोडून विनंती आहे की, या महिन्याचं पान तुम्ही लिहा.